आपल्या घरात कुणाला काही नाही

ती. आत्यास, सा. न.

तब्येतीची चौकशी पुढे येतेच आहे. आधी घडलं ते क्रमानं.

१. मागच्या आठवड्यात सोमवारी कारखान्यात रंगाचे नमुने तपासायच्या पेटीत अतिनील किरणांचा जांभळा दिवा लावला. नमुन्यापेक्षा माझं मनगटच जास्त चमकलं.
२. साहेबांना वाटलं, हातावर पांढरा रंग सांडला. तीनदा हात धुवायला पाठवलं.
३. कातडी लाल झाली. डाग तिथेच.
४. डॉक्टर म्हणाले, कोड.

मी मनाला लावून घेतलेलं नाही. (ते दुखत नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही, आणि शेजारच्या टेबलावरच्या ताईनं आपला डबा लांब सरकवल्यामुळे मला ऐसपैस जागा मिळाली.) अडचण आली ती डॉक्टरांच्या प्रश्नानं. कोडात शरीराची राखण करणारी यंत्रणाच उलटून रंगाच्या पेशी मारते. त्याच घरात दुसऱ्या कुणाच्या थायरॉइडवरही ती उलटलेली असू शकते. तेव्हा थायरॉइड, लहानपणापासूनचा मधुमेह, डोक्यावरचे केस जाऊन पडणारी चाई, असं कुणाला काही आहे का, ते विचारून या, म्हणाले.

विचारलं. बाबा म्हणाले, "आपल्या घरात कुणाला काही नाही," आणि थायरॉइडची गोळी गिळली. (वीस वर्षं रोज उपाशीपोटी घेतात, म्हणून तो आजार नाही, सवय आहे.) काकांनी चाई नसल्याचं टोपी न काढता सांगितलं. आई म्हणाली, "असलं तरी लिहून देऊ नकोस, बाई. तुझं जमायचंय अजून." सगळ्यांच्या सांगण्यावरून हा डाग मी एकटीनं स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलेला दिसतो.

मग तू आठवलीस. भर उन्हाळ्यात स्वेटर, जेवता जेवता डुलक्या, घोगरा झालेला आवाज, चढेनाशा झालेल्या बांगड्या. घरात याला तुझा आळस म्हणतात आणि तूही हसून मान डोलावतेस. आळसानं आवाज बसत नाही, आत्या. थायरॉइडनं बसतो, आणि दुखणं अंगावर काढलं तर हृदयापर्यंत जातं. रक्ताची एक तपासणी पुरे.

तुझी भाची

ता. क. येत्या शुक्रवारी सकाळी आठला माझं रक्त घेणार आहेत. त्यापुढची वेळ तुझ्या नावानं घेतली आहे. बाबांना सांगितलेलं नाही.

ता. क. दोन. ती वेळ निव्वळ तुझ्या काळजीपोटी घेतली, असं नाही. या आठवड्यात दुसरा डाग आला आहे, ओठाच्या कडेला. रक्त द्यायला मला एकटीला जायचं नाही. येतेस की नाही, ते बुधवारपर्यंत कळव.