शेपटीची शिवण

रवि., ११ नोव्हेंबर १९७३. मुलुंड

लग्नानंतर पहिल्याच वर्षी हे म्हणाले होते, “घरात एक तरी माणूस आपली चूक कबूल करणारं हवं.” मला वाटलं, स्वतःबद्दल बोलताहेत. बावीस वर्षं झाली त्याला. आज मिठागरांजवळच्या मैदानावर ते वाक्य आठवलं.

ह्यांचं रेडिओवर उडणारं विमान पडलं. तीन महिन्यांचं काम. थर्मोकोल, वर कागद, वर रंग. छान वर गेलं, वळलं, आणि नाक खाली. ह्यांनी हातातल्या रेडिओची दांडी पूर्ण मागे ओढली. मी शेजारीच होते, अंगठा पांढराफटक झालेला दिसला. शेपटीची हलती पट्टी, एलेव्हेटर, काही केल्या वर होईना. सरळ चिखलात.

ह्यांच्या विमानांच्या क्लबातले दिघे पळत जाऊन घेऊन आले. नाकाचा भुगा, शेपूट शाबूत. शेपटीला एक दोरा लोंबत होता. ह्यांनी तेवढाच पाहिला. “शिवण सुटली,” सगळ्यांसमोर. “हिची शिवण.”

दिघे म्हणाले, “वहिनी, साहेबांच्या शर्टाची बटणं पण अशीच लावता का?”

सगळे हसले. मीही हसले. त्याचाच राग येतोय.

सोम., १२

शिवण सुटलेली नाही. पट्टी शेपटीला जोडायला पत्र्याच्या बिजागऱ्या जड होतात, म्हणून मी नायलॉनच्या दोऱ्याने शिवते. एकदा वरून, एकदा खालून, आठाच्या आकड्यासारखं. सहा ठिकाणी. सहाही घट्ट आहेत. लोंबत होतं ते गाठीचं टोक. नायलॉनची गाठ सरकते, म्हणून टोक दोन बोटं लांब ठेवते मी. नेहमीच.

ह्यांना दाखवलं. पेपर खाली न करता, “असू दे गं. पडलं ते पडलं.”

मी विचारलं, मग पट्टी हलली का नाही?

“सांगितलं ना काल.”

बुध., १४

मासिकाला द्यायची माझी कथा अर्धी पडली आहे. आज दोन ओळी लिहून खोडल्या. हे ऑफिसला गेल्यावर खोक्यातून विमान काढलं.

रेडिओला हात लावायचा नाही हा नियम घरात माझ्या एकटीसाठीच आहे. लावला. विमानाच्या पोटातली मोटर स्पंजात गुंडाळलेली होती, तिला काही झालेलं नाही. बॅटरी जोडली, दांडी ओढली. मोटर कुरकुरली, लांब तार सरकली, पट्टी वर. परत. दहा वेळा केलं. दहाही वेळा वर.

म्हणजे बाकी सगळं ठीक, आणि वाईट फक्त माझी शिवण?

मग सुचलं, इथे वारा कुठे आहे? वर वेगात असताना हवा पट्टीला दाबते. डाव्या हाताने पट्टी हलकेच दाबून धरली, उजव्याने दांडी ओढली. मोटर कुरकुरली. तार सरकली. पट्टी जागची हलली नाही. तार जिथे पट्टीला अडकते तो प्लायचा छोटा कान तेवढा डुगडुगत होता, हलणाऱ्या दातासारखा.

ब्लेडने कागद कापला. कानाच्या मुळाशी थर्मोकोल नव्हताच. बोराएवढी पोकळी, कडा वितळून चकचकीत. अजून वास येत होता.

ट्यूबचा गोंद. थर्मोकोलला तो खातो. हे मला कुणी शिकवलं? ह्यांनीच. क्लबात नवा कोणी आला की त्याला पहिलं हेच सांगतात, “पांढरा गोंद लावायचा आणि रात्रभर सुकू द्यायचा. ट्यूब जवळसुद्धा आणायची नाही.” सेक्रेटरी आहेत.

शनिवारी संध्याकाळी मी रॉकेलच्या रांगेत होते. कान निसटला असणार, सकाळी तर उडवायचं. पांढरा सुकला नसता. परत आले तेव्हा घरात उग्र वास होता. मला वाटलं, माझ्याच हातांना रॉकेल लागलंय. साबणाने दोनदा धुतले.

गुरु., १५

सांगितलं. चहा होऊ दिला, मग शेपूट पुढे ठेवली.

पोकळीत करंगळी घालून बघितली. “पडताना झालं असेल.” मी म्हटलं, पडताना वितळतं का? करंगळी पुसत, हळूच, “शनिवारी घाई होती.”

त्या क्षणी सगळं माफ केलं होतं मी. इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. पोळी वाढायला उठले, तर पाठीमागून, “दिघ्यांना बोलू नकोस. उगाच चर्चा होते.”

मी पोळी ताटात वाढली.

“आणि तुझं काय जातं त्यात? तू थोडीच क्लबात आहेस?”

रागाने नाही म्हणाले. समजावून सांगतात तसं.

रवि., १८

आज मैदानावर एकटेच गेले. “ऊन फार असतं, तू कशाला.” नोव्हेंबरात.

नव्या विमानाची शेपूट दिघे करणार, घाटकोपरला त्यांच्या घरी. पत्र्याच्या बिजागऱ्या लावून. आमचं टेबल रिकामं. सुयांची डबी, कात्री, टाचण्यांची उशी मी उचलून ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं.

आमची लेक शुभा गेल्या वर्षी लग्न होऊन नागपूरला गेली, तेव्हापासून आम्ही बोलत होतो ते या टेबलावरच. “धर.” “जरा वर.” “दोरा दे.” “बघ, येतंय का सरळ.” एवढंच. पण तेवढं रोज होतं. विमान मला कधी आवडलं असं नाही. धरायला सांगत होते, ते आवडत होतं.

हे इथे तरी लिहावं.

मंगळ., २०

दिघे आले होते, नव्या शेपटीचं माप घ्यायला. माणूस मनाने वाईट नाही. जाताना दारात, “वहिनी, मनाला लावून घेऊ नका हं. आमच्या हिला तर सुईत दोरा पण ओवता येत नाही. तुम्ही निदान प्रयत्न तरी केलात.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते बशीत चहा ओतत होते. फुंकर घातली. प्यायले. “दिघे, मापाची पट्टी विसरू नका.”

बस, एवढंच.

शुक्र., २३

क्लबाचं परिपत्रक. अक्षर चांगलं म्हणून अशी सगळी कागदपत्रं माझ्याकडून उतरवून घेतात, पाच-सहा वर्षं. आज कच्चा मसुदा टेबलावर ठेवून गेले. “रविवारी वाटायचंय, उद्यापर्यंत दे हं.”

कलम १, मैदानावर कुत्री आणू नयेत. कलम २, बॅटऱ्या. कलम ३, “घरी शिवलेल्या बिजागऱ्या यापुढे चालणार नाहीत. मागील अपघात त्यामुळेच झाला.”

वर तारीख, सोळा. म्हणजे करंगळी घालून पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलंय. विसरले असतील म्हणावं, तर तसंही नाही.

आणि ते मी सुवाच्य करून द्यायचं. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. मसुदा देताना त्यांना काही आठवलंच नाही. तेच जास्त लागलं.

शनि., २४

दुपारी उतरवायला बसले. एक, दोन झालं. तीन आकडा घातला, पुढे चार ओळींची जागा सोडली. चार, पाच पूर्ण केलं. खाली सहीची जागा.

हे शनिवारचे अर्ध्या दिवसाने येतात. जेवून झोपलेत. चारला उठतील.

काय होईल ते दिसतंय. कागद बघतील, चष्मा काढतील, “हे काय नवीन?” म्हणतील. मग मसुदा उचलून दिघ्यांकडे जातील. त्यांचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, तरी चालेल त्यांना. मला रागावणारही नाहीत कदाचित.

तरी बोलणार आहे. शब्द जुळवून ठेवलेत, तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणूनही झाले. अहो, तिसरं कलम तेवढं तुमच्या हाताने लिहा. शिवण टिकली होती, कान निसटला, एवढंच. कान कुणी चिकटवला, ते नका लिहू.