चाळीस खुर्च्या, एक शाळा

३ जून, सोमवार

तात्या महिनाअखेर निवृत्त होणार. डिस्पॅचचं प्रमुखपद रिकामं होणार. उमेदवार दोन: मी आणि स्टोअरच्या बाई. म्हणजे खरं तर एकच.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, आपण फर्निचर विकतो, कादंबऱ्या नाही. दीड पानाची मेल कोणी वाचत नाही. बोलताना सगळा वेळ माझ्याकडेच बघत होते. माझ्याकडून अपेक्षा आहेत, हे उघड आहे.

संध्याकाळी मेहुण्याकडे गेलो. तो अतिलघुकथा लिहितो. पोस्टकार्डावर कथा मावून वर जागा उरते. त्याने गुरुमंत्र दिला: सुरुवात मधूनच करायची, निम्मं गाळायचं, शेवटी कलाटणी. बाकीचं वाचक भरून काढतो.

संकल्प: उद्यापासून माझी प्रत्येक मेल म्हणजे एक अतिलघुकथा.

४ जून, दुपार

दुसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर बंद पडला. सगळ्यांना कळवायचं काम माझ्याकडे. एरवी ‘वरील विषयास अनुसरून’ सुरू केलं असतं. आज विषय: ‘गेला.’ मजकूर: ‘सकाळपर्यंत ठणठणीत होता. अकराला घरघर लागली. आता शांत आहे.’

परिणाम जबरदस्त. नेमका तेव्हा वॉचमन गेटवर नव्हता. अकाउंट्सवाले दोन मिनिटं उभे राहिले. वॉचमन चहा पिऊन परत आला, तर कॅशिअरने त्याला मिठीच मारली. तेव्हापासून बिचारा स्वतःची नाडी बघतोय.

प्रिंटरला मात्र लोक अजून कागद लावतायत. सुधारणेला वाव आहे.

५ जून

ओव्हरटाइम होता, म्हणून सकाळीच फ्रिजवर चिठ्ठी लावली: ‘येईन. कदाचित.’

रात्री आलो तर ओटा लख्ख. चिठ्ठीखाली बायकोच्या अक्षरात: ‘जेवले. उरलं नाही.’ दोन वाक्यांत केवढी शोकांतिका, आणि तीही माझी. शेवटी मेहुण्याचीच बहीण. दोन केळी खाऊन झोपतो आहे.

७ जून

मोठी ऑर्डर. नदीपलीकडच्या शाळेत उद्या पालकसभा. ड्रायव्हरला मेसेज केला: ‘चाळीस खुर्च्या. एक शाळा. उद्या नऊला पालक येतील. बसतील कशावर?’

शेवटचा प्रश्न मलाच इतका आवडला की तीनदा वाचला.

ड्रायव्हरचा फोन. कुठली शाळा, म्हणून विचारत होता. पत्ता सांगून टाकला तर कथेत राहिलं काय? मी म्हटलं, तुला काय वाटतं ते महत्त्वाचं. त्यावर त्याने माझी तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. माणूस मनाने चांगला आहे.

८ जून, शनिवार

ड्रायव्हरला वाटलं, त्याच्या मुलीची शाळा.

तिथेही आज पालकसभा होतीच. तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी ऑर्डर दिलीच नव्हती, पण देणगी समजून टाळ्या वाजवल्या आणि पालकांना बसवून टाकलं. नदीपलीकडचे पालक दोन तास उभे. त्यांचा फोन साहेबांना, साहेबांचा मला. सोमवारी लेखी खुलासा हवा आहे.

बायको म्हणाली, “सरळ लिहा ना, पत्ता द्यायचा राहिला, माझं चुकलं.” तिला साहित्यातलं काय कळतं?

१० जून

खुलासा दिला: ‘खुर्च्या पोचल्या. पालकही पोचले. भेट झाली नाही.’

साहेबांनी दोनदा वाचला. मग चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळत बसले. हेलावले असणार. काम फत्ते.

स्टोअरच्या बाईंनी मध्येच नाक खुपसून नदीपलीकडच्या शाळेला मेल पाठवली. खुर्च्या किती, कधी येणार, कुठल्या फाटकाने, ड्रायव्हरचा फोन नंबर, झाल्या उशिराबद्दल माफी. वाचली मी. शेवट काय होणार ते पहिल्याच ओळीत कळतं. कसली उत्कंठा नाही. वाचून वाचकाच्या हाती लागतं काय?

(खुर्च्या लागल्या. बाईंनी कळवलेल्या वेळेवर. पण तो मुद्दा नाही.)

१३ जून

उद्या निकाल. निळा शर्ट इस्त्री करून ठेवला. मेहुण्याला जेवायला बोलावलं आहे. भाषणात त्याचे आभार मानीन, असंही कबूल केलं. बायको म्हणाली, आधी पद तर मिळू दे. हिचा स्वभावच शंकेखोर.

१४ जून, शुक्रवार

स्टोअरच्या बाईंना मिळालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. नंतर साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की यापुढे माझी प्रत्येक मेल बाईंना दाखवल्याशिवाय जाणार नाही. बाई भेटल्या तेव्हा ओशाळल्यासारख्या हसल्या. म्हणाल्या, कल्पना छान असतात हो तुमच्या, फक्त कोण, कुठे आणि कधी एवढं घालत जा. त्या चांगल्या बोलल्या, म्हणून जास्तच वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

चालतच घरी आलो. वाटेत बायकोला सांगायचं वाक्य जुळवत होतो. साहेबांचं धोरण, बाईंची सीनिऑरिटी, काळाच्या पुढे असलेला माणूस. छान दीड पान झालं होतं. दार उघडलं तर ती आणि मेहुणा वाट बघत उभे.

“मिळालं का?” तिने विचारलं.

“नाही.”

ती “बरं” म्हणाली, माझ्या हातातली बॅग घेतली आणि पानं वाढायला गेली. कोण, कुठे, का, काही विचारलं नाही. गेल्या दोन आठवड्यांत माझं म्हणणं समोरच्याला पहिल्या फटक्यात कळलं, ते हे एवढंच.