छत्तिसावी सही

चाफ्याचा पाडा, बोरीवली (पूर्व)
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

ती. विमलताईस,
नितेशचा नमस्कार. भावोजींना नमस्कार, पोरींना गोड पापा.

तू माझा नंबर बंद केलास, म्हणून लिहितोय. कमलमावशी उद्या मुलुंडच्या बाजारात भाजी घेऊन येईल, तिच्या टोपलीतून पत्र पाठवतो. मिळाल्याबरोबर वाच. येत्या मंगळवारी अकरा वाजता पाड्याच्या योजनेवर सुनावणी आहे.

इकडे सगळे बरे आहेत. बाबांनी लावलेल्या शेवग्याला शेंगा धरल्यात. विहीर चालू आहे. नळासाठी आपण तीन वर्षं अर्ज करत होतो, आठवतंय ना? शेवटी पाडाच बैठकीला बसला. दोन दुपारी बोलणं झालं, आठ दिवसांत विहिरीचा गाळ निघाला. पाण्याची पहिली पाळी ओल्या बाळंतिणीच्या घराला, शेवटची सुंदराबाईच्या, कारण बैठकीत पहिला शब्द तिचा असतो. एकदाही भांडण झालं नाही. तुमच्या इमारतीची लिफ्ट चार महिने बंद आहे असं कमलमावशी म्हणाली. तिथे सांगायचं कोणाला, हेच कळत नाही म्हणे.

आता मुद्द्यावर येतो. हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितोय.

पाडा उठवून आपल्याला इमारतीत न्यायची योजना आली आहे. पाड्याच्या सभेने हो म्हटल्याशिवाय आपल्याला कोणी हलवू शकत नाही, असं कायदा म्हणतो. सभेची आपली रीत तुला ठाऊक आहे. वाघोबापुढे बसायचं, प्रत्येक घराने बोलायचं, बोलून झालं की, हो असेल तर सागाचं एक पान त्याच्या दगडाखाली ठेवायचं. एक पान कमी असलं तरी ठराव नाही. मला वाटलं, ऑफिसात पानं कोण बघणार? सगळं कागदावर पाहिजे. लोक पहाटेच कामाला जातात, म्हणून मी आधीच घरोघरी फिरून सह्या आणि अंगठे घेतले. वरची जागा कोरी ठेवली, ठराव झाला की लिहायला. सुंदराबाईने अंगठा देताना विचारलंही नाही. म्हणाली, "तू लिहितोस ना? मग झालं."

ठराव झालाच नाही. बैठकीत तीन घरांनी पान ठेवलं नाही, त्यात सुंदराबाईचं एक. "इमारतीत विहीर कुठे खणू रे?" म्हणाली. सगळे हसले आणि उठले.

तो कागद योजनावाल्यांच्या श्यामकांत साहेबांकडे गेला. झेरॉक्स काढतो म्हणाले.

परवा मंगळवारी पाड्यावर नोटीस लागली. सुंदराबाईने मलाच वाचायला लावली. छत्तीसपैकी छत्तीस घरांची लेखी संमती.

"सगळ्यांची?" ती म्हणाली. "मी पान कधी ठेवलं रे?"

"चुकून छापलं असेल, आजी."

"मग जाऊन सांग त्यांना, चुकलं म्हणून. तुझंच अक्षर वाचतात ना ते?"

मी गेलो नाही. काल दिवसभर घरात बसलो.

ताई, झेरॉक्सचं मी वर लिहिलंय ते पूर्ण खरं नाही. श्यामकांत साहेब गाडीत बसले, कागद त्यांच्या बॅगेत गेला, आणि शेजारी झेरॉक्सचं दुकान उघडं होतं. मी बघत होतो. वरची जागा कोरी आहे हे मला माहीत होतं. त्याआधी ते म्हणाले होते, "अक्षर झकास आहे रे तुझं. साइट ऑफिसात लिखापढीला असा माणूस पाहिजे." टेबल, खुर्ची, पंखा. नववी नापासाला कोण विचारतं? नोकरीचं पत्र माझ्या पेटीत आहे. मी ते उघडून अजून नीट वाचलेलंही नाही.

आता पाड्याचं काम बघणाऱ्या वकीलबाई म्हणतात, अंगठे खरे, सह्या खऱ्या. नंतर वर काय लिहिलं हे सिद्ध करणं कठीण. एक जरी खोटी निघाली तर अख्खा कागद पडेल.

एक खोटी आहे. शेवटची, छत्तिसाव्या ओळीतली, आपल्या घराची. आपलं घर बाबांनंतर दोघांच्या नावावर आहे, म्हणून तुझीही सही लागत होती. बाबांच्या बाराव्याला मी सगळ्यांसमोर तुला म्हणालो होतो, "तू इमारतीत गेलीस, तुला पाड्यात बोलायचा हक्क नाही." मग कुठल्या तोंडाने तुझ्या दारात येणार? तुझी सही मीच केली. तूच मला ती पाटीवर गिरवून शिकवली होतीस. हुबेहूब आली.

त्या दिवशी तू उठून गेल्यावर सुंदराबाई मला म्हणाली होती, "पोरीचं पान तिच्या बापाच्या घरातून जात नाही." मी ऐकलं नाही.

मंगळवारी तू ये आणि सांग, ही सही माझी नाही. कोणी केली असं विचारतील. माझं नाव सांग. पोलिसांची भीती वाटते, पण सांग.

त्याआधी रविवारी दुपारी पाडा बसतोय. मी सगळ्यांसमोर बोलणार. लवूकाकाने विहिरीचा पंप विकला होता, तेव्हा पाड्याने त्याला पोलिसांत दिलं नव्हतं. वर्षभर एकट्याने गाळ काढायला लावला. आज पंपाची किल्ली त्याच्याकडेच असते. माझं काय करतील ठाऊक नाही. पण जे करतील ते माझ्या तोंडाकडे बघून करतील. श्यामकांत साहेबांनी सह्या नेल्या, पण सही करणाऱ्या एकाच्याही तोंडाकडे बघितलं नव्हतं.

रविवारी तूही आलीस तर बरं. मला माफ करायला नको येऊस, बोलायला ये. पान मी तोडून ठेवणार नाही, तुझं तू तोड.

खालची सही ओळखशील. ही माझी आहे.

तुझा धाकटा,
नितेश