सुभेदार सावंतांचं पुस्तक कुणाचं?

३ मार्च
साइट बंद! सकाळी उघडली तर कोरं पान आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी – कॉपीराइटची तक्रार आली, खातं बंद. सगळंच गेलं. लढायांची, पलटणींची, शिपायांच्या आठवणींची जुनी पुस्तकं – रद्दीवाल्यांकडून, बंद पडलेल्या वाचनालयांतून गोळा केलेली, एकेक पान स्कॅन करून चढवलेली. नऊ वर्षांचं काम! तक्रारदाराचं नाव वाचलं आणि चहा तसाच राहिला. विद्याधर. घाटकोपरचा विद्याधर – माझ्याकडून पेन ड्राइव्ह भरभरून पुस्तकं नेणारा!

रेवती म्हणाली, "सोड ना आता, बीपी वाढेल." बायको आहे, तिने म्हणावंच. मी सोडणार नाही.

५ मार्च
कारण कळलं. विद्याधरने प्रकाशन संस्था काढलीय. पहिलंच पुस्तक सुभेदार काशीराम सावंतांचं 'वाळवंटातली पलटण'. मूळ १९४९चं. सुभेदार दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत लढले, परत आल्यावर लिहिलं. माझ्या साइटवर सगळ्यात जास्त हेच वाचलं जायचं. फुकट मिळतंय म्हटल्यावर त्याचं विकत कोण घेणार?

फोन केला. म्हणतो, "नंदू, धंदा आहे यार. पर्सनली घेऊ नकोस."

पर्सनलीच घेतलंय.

८ मार्च
प्रकाशन समारंभ तेवीसला, पण विक्री आधीच सुरू. एक प्रत मागवली. वाचतो तर – वेढा पडतो आणि पुढच्याच ओळीत सुभेदार थेट इस्पितळात! मूळ पुस्तकात मध्ये दोन पानं आहेत. पानं चिकटलेली होती, स्कॅन करताना माझ्याकडून एकदम उलटली गेली. म्हणजे या गड्याने माझंच स्कॅन जसंच्या तसं टाइप करून घेतलं. मूळ प्रत बघितलीसुद्धा नाही. सापडलास बेट्या!

१० मार्च
पुतणी ऋता वकील आहे, चेंबूरला राहते. तिला गाठलं. तिने उत्साहावर पाणीच ओतलं. "काका, स्कॅन केलं म्हणून हक्क मिळत नाही. हक्क लेखकाचा. तो गेला की पुढे साठ वर्षं वारसांचा. सुभेदार वारले कधी?"

मला काय ठाऊक! मी साठ वर्षं छापल्यापासून मोजत आलो. एवढं जुनं पुस्तक, कधीच मोकळं झालं असणार असं धरून चाललो होतो.

"वारसांनी परवानगी दिली नसेल तर तो अडकेल," ऋता म्हणाली. "पण तुम्हीही तेवढेच अडकता हं."

मी कसला अडकतो! माझं होतं नव्हतं ते गेलंच आहे. आता त्याची वाट लागायला हवी.

१५ मार्च
वारस सापडला! प्रस्तावनेखाली सुभेदारांच्या गावाचं नाव होतं. कोकणातलं गाव म्हटल्यावर मुंबईत त्याचं मंडळ असणारच. मंडळाचे सेक्रेटरी मरोळला कारखान्यात आहेत. पहिल्याच फोनवर म्हणाले, "सुभेदाराचा चेडू ना? शेवंतीबाय! दहिसराक असता, नदीच्या पल्याड."

मुलगी! सख्खी मुलगी!

१६ मार्च
दहिसरला जाऊन आलो. शेवंतीबाई ऐंशीच्या पुढच्या, पण ऐकू चांगलं येतं. चाळीत एकट्याच राहतात. सुभेदार १९७४ साली गेले, म्हणजे हक्क अजून यांचाच. विद्याधरने परवानगी मागितली होती का, विचारलं. "कोण इद्याधर?" झकास! उठून नाचावंसं वाटलं.

मग सगळं सांगितलं – माणूस किती हलकट, माझी मेहनत कशी मातीत घातली. त्या मध्येच वडिलांचं काढून बसल्या. फौजेतून परत आले तेव्हा घरात कुणी ओळखलंच नाही, वगैरे. आज ते ऐकायला वेळ नव्हता. पुढच्या वेळी निवांत ऐकतो म्हटलं आणि नोटीस पुढे केली. मीच लिहून नेली होती – छपाई थांबवा, प्रती परत घ्या. खाली त्यांचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर.

त्यांनी चष्मा शोधून लावला. मग सही केली.

२३ मार्च
नोटीस बरोबर आदल्या दिवशी पोचेल अशी पाठवली होती. आज मुद्दाम मुलुंडहून घाटकोपरला गेलो. हॉलच्या दारावर कागद – कार्यक्रम रद्द! विद्याधर खुर्च्यावाल्याशी हुज्जत घालत होता. घामाघूम. मला बघितलं. मी हसलो, अगदी दात दाखवून.

येताना श्रीखंड आणलं. रेवतीने हात लावला नाही. मी दोन वाट्या हाणल्या.

२७ मार्च
विद्याधरचा फोन नाही, मेसेज नाही. एव्हाना नाक घासत यायला हवा होता. येईल. आला की दारातच उभा करणार.

४ एप्रिल
शेवंतीबाईंचा फोन. विद्याधर नोटिशीवरचा पत्ता बघून त्यांच्याकडे गेला होता. एकदा नाही, दोन-तीनदा. पुस्तकाचा हक्क त्यांनी त्याला देऊन टाकला – फक्त त्याला. मी ओरडलोच, "अहो, तो चोर आहे!"

"आसात," म्हणाल्या. "पण तो येऊन बसलो. माझ्या बापाशीचा सगळा ऐकून घेतल्यान. तुमी एक शबूद तरी इचारलात?"