कॅबिनेटचा पोचा

बाबा, तुम्ही आणलेला कॉम्प्युटर अजून घरात आहे. तसा तुमचा म्हणावा असा त्यात आता फक्त डबाच उरलाय. आतला बोर्ड बदलला, डिस्क बदलली, स्क्रीन तर दोनदा बदलली, पण बाहेरचं ते काळं पत्र्याचं कॅबिनेट मी कुणाला टाकू दिलं नाही. रोडपालीच्या या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा नवरा म्हणाला, भंगारवालासुद्धा याला हात लावणार नाही. मी म्हटलं, मग तूही लावू नकोस. माझा आवाज चढला की या घरात सगळेच गप्प बसतात. तो आवाज मला कुणाकडून मिळाला ते तुम्हाला सांगायला नको.

तुमची नात अकरावीत गेली. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, पण ती तुम्हाला रोज पाहते, हॉलमधल्या फोटोत. तिला कॉम्प्युटरवर हलती चित्रं बनवायचा नाद आहे. माणसं बनवते, त्यांना पळवते, एकमेकांच्या अंगावर सोडते. बहुतेक वेळा कुणी ना कुणी रक्ताच्या थारोळ्यात पडतोच. मी म्हणते, अगं, दोघांना शेजारी बसवून चहा पाज की एकदा. ती म्हणते, मम्मी, त्यात मजा काय? गेल्या महिन्यात स्क्रीनवर हिरव्या रेघा यायला लागल्या आणि एक दिवस तिची अर्धी लढाई तशीच गोठून राहिली. ती ढसाढसा रडली. मग आम्ही दोघी पनवेलला, एसटी स्टँडासमोरच्या गल्लीतल्या दुकानात गेलो.

दुकानदार म्हणाला, "ताई, ग्राफिक्स कार्ड गेलंय. आणि बोर्ड तुमचा एवढा जुना आहे की एकदम टॉपचं टाकून काही फायदा नाही. या दोनांतलं एक घ्या." त्याने दोन खोकी पुढे ठेवली. एक छोटं कार्ड, बोर्डावरूनच वीज घेणारं, लावलं की चालू. दुसरं मोठं, दुप्पट मेमरीचं, पण त्याच्या कडेला वीजपुरवठ्याची वेगळी वायर लागते. पोरीने घरूनच सगळा अभ्यास केलेला. छोट्यावर एकेक सीन तयार व्हायला अख्खी दुपार जाईल, तिला मोठंच हवं. मी मोबाईलवर कॅबिनेटचा फोटो दाखवला तर तो हसायलाच लागला. "हे काय, ट्रकखाली आलं होतं का? पोचा बघा किती आत गेलाय. मोठं कार्ड लावलं तर वायर नेमकी त्या पोच्याला अडणार, झाकण बसणारच नाही. त्यापेक्षा नवीन कॅबिनेट घ्या ना, काचेचं, मस्त लाईटवालं."

"कॅबिनेट बदलायचं नाही," मी म्हटलं. त्याने परत तेच सांगायला तोंड उघडलं आणि मी काउंटरवर असा हात आपटला की त्याचा माऊस खाली लोंबकळला. दुकानातली माणसं बघायला लागली. पोर माझ्याकडे न बघता बाहेर जाऊन उभी राहिली. काही न घेताच आम्ही परत आलो. रिक्षात ती म्हणाली, "पत्र्याचा डबा आहे मम्मी, त्याच्यासाठी एवढं?"

तो डबा तुम्ही आणलात तो दिवस मला लख्ख आठवतो. कंटेनर वाहायचा तुमचा ट्रेलर गावाबाहेर हायवेच्या कडेला लावून तुम्ही शेतातून चालत येताय, खांद्यावर खोकं आहे, मागून गावातली पोरं येतायत, आणि तुम्ही लांबूनच ओरडताय, "बाय, ये बाय! भायेर ये, काय आनलाय बग!" आपल्या आगरवाड्यात तोवर कुणाकडे कॉम्प्युटर नव्हता. आईने त्याला हळदकुंकू लावलं. तुम्ही त्याला हात लावायलाही घाबरलात. न्हावा शेवा बंदराच्या रांगेत चाळीस फुटी कंटेनरची गाडी रिव्हर्समध्ये घालणारा माणूस, पण माऊस नुसता दोन बोटांच्या चिमटीत धरलात. मला तुमचा अभिमान होता, बाबा. तुम्ही मला एकदा केबिनमध्ये बसवून बंदरावर नेलं होतं. रांगेत एकजण मध्येच गाडी घुसवायला लागला, तेव्हा तुम्ही सीटखालची टॉमी काढून उतरलात. टॉमी, चाकाचे नट खोलायची ती हातभर लांब लोखंडी सळई. त्याची काच फुटली, मग त्याचं कपाळ फुटलं. मी केबिनमधून टाळ्या वाजवल्या. परत येताना तुम्ही मला कलिंगड खाऊ घातलंत आणि तुमच्या मनगटावर त्या माणसाचं रक्त सुकलेलं होतं. मला तेव्हा वाटलं होतं, असा बाप असला की कुणाची भीती नाही.

मी बारावीत असताना तीच टॉमी घरात आली. आई आणि मी बेलपाड्याला मामाकडे बारशाला गेलो होतो. तुम्ही बंदरावरून न कळवता आलात, दाराला कुलूप, आणि आम्ही पोचेपर्यंत तुम्ही पायरीवर बसून प्यायला होतात. दुपारची वेळ. आधी थोबाडीत, मग केस धरून. ते नेहमीचं होतं, आईला ते अंगावर घ्यायची सवय होती. मग तुम्ही बाहेर गेलात आणि मला वाटलं, संपलं. तुम्ही परत आलात तेव्हा टॉमी हातात होती. ट्रेलरपर्यंत चालत जाऊन, ती काढून, परत चालत आला होतात तुम्ही. एवढ्या वाटेत एकदाही काही वाटलं नाही? मी स्वयंपाकघराच्या दाराआड गेले, डोळे गच्च मिटले आणि "बाबा, नका" म्हणून किंचाळले. मग तो आवाज. पत्र्याचा आवाज, आईचा नाही. डोळे उघडले तर आई भिंतीशी खाली बसलेली, कॅबिनेट जमिनीवर आडवं पडलेलं, आणि तुम्ही हातातल्या टॉमीकडे असे बघताय जणू ती दुसऱ्याच कुणाची आहे.

मी त्या दिवशी एक गोष्ट ठरवून टाकली. बाबांनी शेवटच्या क्षणी हात वळवला. आईच्या डोक्यावर येणारा घाव त्यांनी कॉम्प्युटरवर घेतला. मी आईला विचारलंही, "वळवला ना गं हात?" ती "हो" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः तो डबा केबिनमध्ये घालून दुरुस्तीला नेलात, चालू करून आणलात, आणि माझ्यासमोर ठेवून नुसते उभे राहिलात. मला ते पुरलं. पुढे तुम्ही पिवळे होऊन हॉस्पिटलात पडलात तेव्हा तुमचे पाय दाबले ते त्या एका गोष्टीच्या जोरावर. माझ्या लेकीला तुमच्या चांगल्या गोष्टी सांगितल्या त्याही त्याच जोरावर. त्या पोच्याला मी देवासारखं जपलं. पोरीला सांगितलं होतं, घर बदलताना पडलं.

पनवेलहून आलो त्याच संध्याकाळी पोरीने ते बाजूचं झाकण काढलं. पोचा नक्की किती आत आहे ते मोजून बघू म्हणाली, जरा जागा असेल तर मोठं कार्ड बसेलही. मला राग शांत करायला निमित्त हवंच होतं, मी टेप धरली. आई आता आमच्याकडेच असते, ती शेजारी लसूण सोलत बसली होती. पोरीने झाकण उजेडात धरलं आणि विचारलं, "हा निळा रंग कसला गं, सगळीकडे घासल्यासारखा?"

"आपल्या गावच्या घराच्या भिंतीचा चुना," मी म्हटलं. "टेबल कोपऱ्यात होतं ना, ही बाजू कायम भिंतीला टेकलेली असायची."

बोलता बोलता माझंच वाक्य माझ्या कानावर आलं. ही बाजू भिंतीला टेकलेली असायची. पोचा त्या निळ्या डागाच्या बरोबर मधोमध आहे. तुम्ही हात वळवून कॉम्प्युटरवर मारला असतात तर पुढून लागला असता, वरून लागला असता, स्क्रीन फुटली असती. भिंतीकडच्या बाजूला घाव बसणार कसा? इतकी वर्षं मी ते झाकण पुसलं, काढलं, लावलं, आणि हे मला दिसलं नाही, कारण मला ते बघायचंच नव्हतं.

मी आईकडे पाहिलं. तिचे हात थांबले होते.

"आई, डबा भिंतीपासून कुणी हलवला?"

"मी," ती म्हणाली. "मीच उचलला नि मदी धरला. टॉमी डोक्यावर येत व्हती. मिठाच्या टोपल्या व्हायलेली बाय मी, तो डबा काय जड लागतोय मना? नायतर मी तवाच गेली असती."

"आणि बाबांनी हात वळवला, ते?"

"ते तू बोल्लीस गो. तुला बरा वाटला. मंग मी गप बसली."

तिच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे. मला वाटायचं, दारात चेंगरली असेल. पोर आजीकडे बघत होती, मग तिने तुमच्या फोटोकडे पाहिलं. "आजोबांनी?" एवढंच म्हणाली. संताप असा चढला की डोळ्यांपुढे अंधारी आली. तुमचा राग, आईचा राग, माझ्या स्वतःच्या मूर्खपणाचा राग. तुम्ही त्या दिवशी माझ्या आईचं डोकं फोडायलाच निघाला होतात आणि मी तुमचे पाय दाबले. तुम्हाला तरी ठाऊक होतं ना खरं काय ते? माझ्या तोंडाकडे बघत गादीवर पडून होतात, तेव्हा एकदा तरी सांगायचं होतंत. मेला नसतात तर मी तुम्हाला गळा धरून विचारलं असतं.

तुमची टॉमी आईकडेच आहे. चपट्या टोकाने ती नारळ सोलते. मी बाल्कनीत गेले, कुंडीमागची टॉमी काढली, गोणपाटावर झाकण उलटं ठेवलं आणि आतल्या बाजूने त्या पोच्यावर हाणायला सुरुवात केली. पोर आधी कोपरा धरायला पुढे आली, मग मागे सरकली. खालच्या मजल्यावरचा माणूस ओरडला, मी त्याला तिथूनच शिवी घातली. पत्रा सपाट झाला तरी मी थांबले नाही. पोर म्हणाली, "मम्मी, झालं. मम्मी, पुरे."

दुसऱ्या दिवशी मोठंच कार्ड घेतलं. वायर बसली, पण झाकण आता उलट्या बाजूने फुगलंय, खाचेत जात नाही. कॉम्प्युटर उघडाच चालतो. आई त्यावर दुपारी आपली जुनी साडी टाकते आणि पोर ती काढते. तिच्या लढाया झरझर पळतात. तुमचा फोटो तिने भिंतीवरून उतरवला नाही, मीही नाही; त्याचं काय करायचं ते आमचं तिघींचं ठरलेलं नाही.

हे सगळं मी त्याच कॉम्प्युटरवर टाईप करतेय आणि सेव्ह करून ठेवणार नाहीये. आईला वाचून दाखवता येणार नाही, पोरीला तर नाहीच. एक गोष्ट मात्र दोघींनी पाहिली आणि अजून कुणी बोललं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. पोर पुरे म्हणाली तेव्हा मी मान वळवली. बाल्कनीच्या दारात आई उभी होती. लोखंडाचा आवाज ऐकून तिने दोन्ही हात डोक्यावर धरले होते, वाकडी करंगळी वर. मी तिला नीट पाहिलं. पाहिल्यावरही, बाबा, माझ्या हातून आणखी एक घाव पडला. मग मी टॉमी खाली ठेवली.