मिटल्या डोळ्यांची जोगीण

कार्तिक शुद्ध पंचमी, शके १६६१
पैठणाहून पुण्यात पोचलो. यज्ञेश्वरपंतांनी कसब्यात ऐसपैस खोली दिली, वर दोन वेळचं जेवण. चिताऱ्याला एवढं कोण विचारतं? कामही सोपं. वसईच्या लुटीत पंतांना एक फिरंगी तसबीर मिळाली: तिकडच्या मठातली जोगीण, काळा झगा, डोक्यावर फुलांचा मुकुट, डोळे मिटलेले. तिची अन्नपूर्णा करून द्यायची, देवघरासाठी. मला माझे डोळे तेवढे जपायला हवेत. वडिलांचे गेले तेव्हा आमची चूल विझली होती.

षष्ठी
तसबिरीला खवट तेलाचा वास येतो. आमचे रंग डिंकातले. हे फिरंगी कशात कालवतात देव जाणे. पुसली तर फडक्याला पिवळा चिकटा आला. चारदा हात धुतले तरी वास जाईना.

अष्टमी
दागिने झाले, हातात पळी दिली. रीतीप्रमाणे डोळे शेवटी उघडले, चांगले काळेभोर. मिटल्या डोळ्यांची देवी आमच्या घराण्यात कुणी दिलेली नाही. पंत खूश. ते गेल्यावर मात्र त्या डोळ्यांतून तोच चिकटा गालावर ओघळला.

नवमी
सकाळी माझ्या पापण्या चिकटलेल्या. कोमट पाण्याने सोडवल्या. बोटांना पिवळं, वास तोच खवट. शी.
वसईहून आणलेली मोलकरीण सरूबाई सारवायला आली ती दारातच थबकली. म्हणाली, त्यांच्या मठात जोगीण मेली की प्रेताला फुलांचा मुकुट घालतात आणि समोर बसून तसबीर काढतात. मेलेलीला डोळे दिलेस होय रे मेल्या, आणलेस कुणाचे, असं विचारून सारवण तसंच टाकून गेली.

दशमी
उजवा उघडतच नाही. डाव्याने धुरकट दिसतं. तिचे मात्र लख्ख — आणि घारे. मी काळे रंगवले होते. घारे माझे आहेत.

एकादशी
तिचे मिटायला बसलो. रंग कालवला. दिसेना, म्हणून बोटांनी चाचपलं. पापण्यांना केस आहेत. ओले. मी केस रंगवले नव्हते —

दोन्ही गेले. कोळशाने लिहितोय, अक्षरावर अक्षर पडत असेल. सडक्या फुलांचा वास — डोक्यावर कुणीतरी काहीतरी ठेवलं. ओलं, बुळबुळीत. कानामागे गळतंय —
कुणी वाचलंत तर सरूबाईला सांगा. मी मेलेलो नाही. नुसते डोळे मिटलेत. मी मे