लोह्याच्या गाडीतली थरथर

मंगळवार, संध्याकाळ. लातूर.

फिजिओथेरपीच्या मुलीने आज कमरेला चार पट्ट्या चिकटवून करंट सुरू केला. म्हणाली, "मुंग्या आल्यासारखं वाटतंय का, मॅडम?" मुंग्या कसल्या. इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या एसटीच्या पत्र्याला पाठ टेकली की अशीच थरथर यायची. नांदेडहून लोह्याच्या शाळेत शिकवायला जाताना सोबतची शिक्षिका जुबेदा रोज आपली शाल घडी करून माझ्या कमरेमागे सारायची. राखाडी होती की हिरवी? अर्धा तास तेच आठवत पडले. हिरवीच असावी.

दुखणं मात्र खरंच उतरलं. तसलं मशीन विकत घेतलं आणि घरी येऊन जुबेदाला नांदेडला फोन लावला. म्हटलं, "तुझ्या गुडघ्यांसाठीही एक पाठवते."

"नको गं. छातीत पेसमेकर हाय माझ्या. असलं काही लावायचं न्हाई म्हणून डॉक्टरनं बजावलंय."

"कधी बसवला? मला सांगितलं का नाहीस?"

"रमजानच्या आधी. तुला गाडीत बसवत न्हाई म्हणतीस. उगं जीवाला घोर कशाला?"

तीन वर्षं तिच्याकडे न जायला मीच कमरेचं कारण सांगत आले. तिने ते खरं मानलं. पूर्ण खरं होतं का?

रविवारी पहिल्या गाडीने नांदेडला निघते आहे. तिला कळवलेलं नाही. कळवलं तर नको म्हणेल, आणि मी ऐकेनही.